हे खरे आहे काय? : लोकप्रतिनिधीचा प्रश्न आणि आपला समाज

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सुचविले, तेव्हा धम्मावर लिहिण्याइतका आपला अधिकार नाही, हे मला ठाऊक होते. बँकेत कारकुनी करताना जी एक गोष्ट मी जवळून पाहिली, तिच्यावरच लिहायचे ठरविले. ती गोष्ट म्हणजे सभागृहात विचारलेला प्रश्न.

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. दुपारी दोनच्या सुमारास विभागीय कार्यालयाकडून शाखेत निरोप आला : 'पार्लमेंट क्वेश्चन. माहिती आजच संध्याकाळी पाचच्या आत पाठवावी.' संसदेत कोणा सदस्याने अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जदारांविषयी प्रश्न विचारला होता. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रक्कम दिली, नामंजूर अर्जांची कारणे काय, अशी ती माहिती होती. हातातली कामे बाजूला ठेवून आम्ही दोघे-तिघे नोंदी चाळत बसलो. आकडा निघाला तो दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल एवढा. साहेब बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढेच?" मी म्हणालो, "एवढेच, साहेब."

हा आकडा त्याआधी कधी निघाला नव्हता असे नाही. दर तिमाहीच्या विवरणपत्रात तो जातच होता. पण तो कोणी वाचला नव्हता. भरणाऱ्याने भरला, पाठविणाऱ्याने पाठविला, ठेवणाऱ्याने फायलीत ठेवला. दिल्लीत एका माणसाने प्रश्न विचारला, तेव्हा सांगली जिल्ह्यातील एका शाखेत तो आकडा प्रथमच डोळ्यांसमोर आला. पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीतील दोन तरुणांचे बरेच दिवस पडून असलेले अर्ज हलले. त्या सदस्याचे नाव मला आजही माहीत नाही. परंतु प्रश्नाची ताकद काय असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

विचारणे ही धम्माची शिकवण

प्रश्न विचारणे आपल्याला परके नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, अनुभवाने व विवेकाने पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ तर नावापासून प्रश्नांचाच आहे.

महापरिनिब्बाण सुत्ताचा आरंभ आठवावा. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याचा महामात्य वस्सकार राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर भगवंतांना भेटायला आला. भगवंतांनी त्याला थेट उत्तर दिले नाही. त्यांनी आनंदाला एकामागून एक सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात काय? प्रत्येक प्रश्नाला आनंदाने 'होय, तसे ऐकले आहे' असे उत्तर दिले. जोवर हे चालू आहे तोवर वज्जींचा ऱ्हास होणार नाही, हे महामात्याला आपोआप कळले. एका राज्याचा मंत्री समोर बसला असता, लोकांच्या सभेविषयी विचारलेले ते प्रश्न होते, हे आपण लक्षात घ्यावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच वारशाची आठवण करून दिली. बौद्ध भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतदान, निंदाव्यंजक ठराव असे संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते, असे त्यांनी सांगितले. विनयपिटकात महत्त्वाच्या कामासाठी आधी ज्ञप्ती मांडली जाई, नंतर संघाला तीन वेळा विचारले जाई आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, अशी पद्धत होती. जो गप्प राहिला त्याची संमती धरली जाई. आजही तसेच आहे. जो गप्प राहतो त्याची संमती गृहीत धरली जाते.

हा अधिकार कसा मिळाला

इंग्रजांच्या काळी कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथम १८९२ च्या कायद्याने मिळाला, तोही अनेक अटींसह. एकदा उत्तर मिळाले की त्यावर पुन्हा विचारता येत नसे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. एकेक पायरी चढायला असा पाव शतकाहून अधिक काळ लागला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने त्याला खरा पाया दिला. अनुच्छेद ७५ प्रमाणे केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. 'जबाबदार' या शब्दातच 'जबाब' आहे. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. अनुच्छेद १०५ आणि १९४ प्रमाणे सभागृहात जे बोलले जाते त्याबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. म्हणून जे गावच्या पारावर बोलायला माणूस धजत नाही, ते सभागृहात निर्भयपणे विचारता येते.

साताऱ्याचा विद्यार्थी मुंबईच्या कौन्सिलात

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी या मुलाचे नाव दाखल झाले. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. पुढे बैलगाडीच्या प्रवासात त्यांना कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. 'आम्हाला पाणी का नाही?' हा त्या मुलाचा पहिला प्रश्न म्हणता येईल. तो विचारायला तेव्हा सभागृह नव्हते.

ते सभागृह सव्वीस वर्षांनी मिळाले. १९२७ साली मुंबई विधान परिषदेत, म्हणजे त्या वेळच्या कौन्सिलात, डॉ. बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी हे सरकारनियुक्त सदस्य म्हणून आले. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या बाजूने बोलेल, असा तेव्हा रिवाज होता. बाबासाहेबांनी पहिल्याच वर्षी तो मोडला. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले. शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि दारूवरील करापोटी लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे मागणे होते.

विद्यार्थी मित्रांनी ही पद्धत नीट पाहावी. त्यांनी आरोप केला नाही आणि शब्दांची आतषबाजीही केली नाही. दोन आकडे शेजारी ठेवले. उत्तर ज्याने द्यायचे त्याचीच वही त्याच्यासमोर उघडली. बाबासाहेबांनी कौन्सिलात व नंतर विधानसभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. भाषणांइतकीच ती पाने वाचण्यासारखी आहेत.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार निवडून आले. त्यांत सातारा जिल्ह्यातून खंडेराव सावंत होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, अशी ही दोन पायांची चाल होती.

प्रश्नकर्ता उत्तर देऊ लागतो

पुढे पारडे फिरले. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आता मध्यवर्ती कायदेमंडळात इतरांनी विचारायचे आणि त्यांनी उत्तर द्यायचे होते. त्यांची ती उत्तरे समग्र वाङ्मयाच्या दहाव्या खंडात आहेत. पण सत्तेच्या खुर्चीवर बसूनही त्यांनी विचारणे सोडले नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८ १/३ टक्के जागा राखीव झाल्या आणि १९४४-४५ पासून उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी तीन लाख रुपयांची तरतूद झाली. आज आपली मुले जी 'भारत सरकार शिष्यवृत्ती' घेतात, तिचे मूळ तेथे आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबर रोजी त्याची कारणे सांगणारे निवेदन ते संसदेत करणार होते. निवेदनाची प्रत आधी द्यावी, अशी अट घालण्यात आली. त्यांनी ती मानली नाही. सभागृह सोडून निवेदन वृत्तपत्रांना दिले. सभागृहात बोलण्याच्या अधिकाराला ते किती जपत होते, हे यावरून दिसते.

पलूसचे ॲड. बी. सी. कांबळे

आता आपल्याच मातीतल्या एका माणसाविषयी. ॲड. बापू चंद्रसेन तथा बी. सी. कांबळे यांचा जन्म १९१९ साली पलूसचा. पलूस तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. वकील झालेल्या या तरुणाने बाबासाहेबांच्या 'जनता' साप्ताहिकाचे संपादन केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा देशभर पराभव झाला. खुद्द बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला पराभूत झाले. मुंबई राज्याच्या ३१५ सदस्यांच्या विधानसभेत फेडरेशनचा एकच आमदार निवडून आला. ते बी. सी. कांबळे. काँग्रेसचे बळ तेव्हा २६९ होते.

समोर मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्यांच्या मंत्रिमंडळात कृष्णाकाठचे दुसरे सुपुत्र यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांचे देवराष्ट्रे आणि कांबळे यांचे पलूस ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यातच आहेत. एकाच पंचक्रोशीत वाढलेल्या दोघांपैकी एक मंत्र्यांच्या बाकावर आणि दुसरा एकटा विरोधी बाकावर.

एकट्या माणसाने ३१५ जणांत करायचे काय? येथेच प्रश्नाचे मोल कळते. कायदा करायचा तर बहुमत लागते. सरकार पाडायचे तर बहुमत लागते. चर्चेत बोलायचे तर पक्षाच्या संख्येप्रमाणे वेळ मिळतो आणि एकट्याच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. पण प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. २६९ सदस्यांच्या पक्षातील आमदाराला जेवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार, तेवढाच एकट्या आमदाराला. संख्येने थोड्या असणाऱ्या समाजासाठी लोकशाहीत याहून मोलाचे हत्यार दुसरे नाही. कांबळे यांचा विधानसभेत दबदबा निर्माण झाला तो अभ्यास, नियमांचे ज्ञान आणि निर्भीड वाणी यांच्या जोरावर.

१९५७ साली ते कोपरगावमधून लोकसभेवर गेले. त्याच लोकसभेत नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड होते आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील होते. पुढे रिपब्लिकन पक्षात फूट पडली आणि दादासाहेब गायकवाड व कांबळे वेगवेगळ्या गटांत गेले. त्या फुटीची किंमत समाजाने फार मोजली. एकटा असताना ज्याला सरकार टाळू शकत नव्हते, त्या आवाजाला आपल्याच भांडणाने कमकुवत केले, हे आज प्रांजळपणे मान्य करावे लागेल. कांबळे १९७७ मध्ये पुन्हा मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. बाबासाहेबांचे अनेक खंडांचे समग्र चरित्र त्यांनी लिहिले. २००६ साली त्यांचे निधन झाले. पलूस परिसरातील आपल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

प्रश्नामुळे मंत्री जातो

दुसऱ्या लोकसभेतील एक उदाहरण आम्ही बँक-विम्याचे लोक विसरू शकत नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. त्यानंतर वर्षभरातच त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. लोकसभेत त्यावर प्रश्न आला. उत्तर समाधानकारक नव्हते. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हा विषय सभागृहात लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई होते. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. गरिबाने हप्त्याहप्त्याने भरलेल्या विम्याच्या पैशाचा हिशेब एका प्रश्नापासून सुरू झाला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेच्या ११ सदस्यांना सदस्यत्व गमवावे लागले. आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला गेला नाही. अधिकार विकलाही जाऊ शकतो आणि स्थगितही होऊ शकतो. म्हणून त्यावर लोकांचे लक्ष हवे.

प्रश्नांचे प्रकार

सभासदांच्या माहितीसाठी हे थोडक्यात देतो.

तारांकित प्रश्न : यावर मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नावर तारा छापलेला असतो म्हणून हे नाव. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. कोणाचा प्रश्न कितव्या क्रमांकावर हे चिठ्ठ्या काढून ठरते. तासाभरात ते सर्व होत नाहीत. उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात.

अतारांकित प्रश्न : याचे उत्तर लेखी मिळते, उपप्रश्न नसतो. लोकसभेत एका दिवशी असे २३० प्रश्न यादीत येतात. आकडेवारी हवी असेल तर हाच प्रकार अधिक उपयोगी.

अल्पसूचना प्रश्न : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी. लोकसभेत एरवी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. येथे कमी मुदतीत, मंत्री तयार असल्यास, प्रश्न विचारता येतो.

अर्धा तास चर्चा : उत्तराने समाधान झाले नाही तर त्या विषयावर वेगळी चर्चा मागता येते.

लक्षवेधी सूचना : मंत्र्याचे लक्ष तातडीच्या विषयाकडे वेधून निवेदन मागण्यासाठी. आपल्या विधिमंडळात हिचा फार वापर होतो.

मंत्र्याने 'चौकशी करू', 'लवकरच निधी देऊ' असे आश्वासन दिले तर ते हवेत विरून जाऊ नये म्हणून आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. आपल्या विधिमंडळातही आहे.

प्रश्न दाखल झाला की तो विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातील खात्याकडे, तेथून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे येतो. सरकारी कार्यालयातील कर्मचारी त्याला 'एलएक्यू' म्हणतात. एलएक्यू आला की एरवी महिनोन्महिने न सापडणारी फाईल त्याच संध्याकाळी सापडते, हा अनुभव सरकारी नोकरीतील आपले बांधव सांगतील.

उत्तर कसे वाचावे

आपल्या विधानसभेतील प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे. 'अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरेही ठरलेली असतात. 'हे खरे आहे.' 'हे अंशतः खरे आहे.' 'हे खरे नाही.' आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही.'

ज्याच्या दारात पाणी येत नाही, ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती आली नाही, त्याला 'प्रश्न उद्भवत नाही' हे शब्द जिव्हारी लागतात. पण रागावून कागद फाडू नये. 'अंशतः खरे आहे' हे सर्वांत उपयोगी उत्तर आहे, कारण काही भाग खरा असल्याची ती सरकारी कबुली असते. कोणता भाग खरा, हाच पुढचा प्रश्न. 'हे खरे नाही' असे उत्तर आले आणि आपल्या हातात उलट सांगणारे कागद असतील, तर सभागृहाला चुकीची माहिती दिल्याचा गंभीर मुद्दा तयार होतो. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' याचा अर्थ पुढच्या अधिवेशनाची तारीख डायरीत टिपून ठेवायची, एवढाच.

बँकेत जो खातेदार पासबुक भरून घेतो आणि प्रत्येक नोंद तपासतो, त्याच्या खात्यात चूक टिकत नाही. जो कधीच पासबुक आणत नाही, त्याची चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. सभागृहातील उत्तर हे समाजाच्या खात्याचे पासबुक आहे. ते मागून घ्यायचे आणि जपून ठेवायचे.

एका प्रश्नाने भागत नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी मिळेना. म्हणून १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला की, जी नगरपालिका अंमलबजावणी करणार नाही तिचे अनुदान बंद करावे. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्वतः तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. सभागृहातला ठराव आणि तळ्यावरची ओंजळ यांच्यात साडेतीन वर्षांचे अंतर होते. ते अंतर लोकांनी चालून कापले.

महार वतनाचे तसेच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मागे घ्यावे लागले. १९३७ नंतर पुन्हा प्रयत्न झाला. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ मध्ये, यशवंतराव मुख्यमंत्री असताना झाला. तीस वर्षे गेली. सातारा-सांगलीच्या गावोगावी त्या वतनी जमिनींच्या नोंदींचे तंटे अजूनही आहेत.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती मात्र गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या नोकरीत आणि राखीव मतदारसंघात दार बंद राहिले. संसदेत हा विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या देशव्यापी भूमिहीनांच्या सत्याग्रहातही ही मागणी होती. दार उघडले ते १९९० मध्ये, चौतीस वर्षांनी. एक संपूर्ण पिढी त्या दारासमोर उभी राहून म्हातारी झाली. पण विचारणारे थांबले असते तर ते दार आजही बंद असते.

प्रश्न रोज नव्याने विचारावा लागतो, कारण मिळालेले टिकविण्यासाठीही तो लागतो. मे २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळविण्यात आले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. अंदाजपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा शेजारी ठेवून पाहणे, ही १९२७ मधली बाबासाहेबांचीच पद्धत आहे.

आपण काय करावे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे मिळून विधानसभेत सोळा आमदार असतात. त्यांपैकी फलटण आणि मिरज हे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. पण प्रश्न फक्त राखीव जागेवरच्या आमदाराने विचारावा, असा नियम नाही. वाळवा तालुक्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील अनेक वर्षे विधान परिषदेत विरोधी बाकावर होते आणि पुढे मंत्रीही झाले. तासगावचे आर. आर. आबा १९९५ ते १९९९ विरोधी बाकावरून सरकारला विचारत होते आणि नंतर गृहमंत्री म्हणून त्यांनाच इतरांनी विचारले. आमदार आपल्या जातीचा असो वा नसो, मत आपणही दिलेले असते.

आमदाराकडे जाताना मात्र गाऱ्हाणे घेऊन जाऊ नये, तयार प्रश्न घेऊन जावे. 'सरकार आमच्यावर अन्याय का करते?' हा प्रश्न दाखलच होणार नाही. प्रश्नात वाद, टीका वा मत असता कामा नये. विषय एकच असावा आणि तो न्यायप्रविष्ट नसावा. त्याऐवजी असे विचारावे : 'सांगली जिल्ह्यात गेल्या शैक्षणिक वर्षात भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत आणि विलंबाची कारणे काय आहेत?'

किंवा दुसरे उदाहरण. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. विचारायचे एवढेच : 'गेल्या दोन वर्षांत या बैठका कोणकोणत्या तारखांना झाल्या?' या प्रश्नाचे उत्तर तारखांनीच द्यावे लागते. तारखा नसतील तर तेही दिसते.

बँकांविषयीही विचारता येते. १९७२ पासूनच्या चार टक्के व्याजाच्या कर्ज योजनेत किमान ४० टक्के कर्जे अनुसूचित जाती-जमातींना द्यावीत, असा दंडक आहे. आपल्या जिल्ह्यात ती किती दिली? हा प्रश्न संसदेत जाईल, म्हणून तो खासदारांकडे द्यावा. आणि तो आमच्यासारख्यांच्या टेबलावर आला की आम्ही संध्याकाळी पाचच्या आत उत्तर देऊ, याची खात्री बाळगावी.

त्याआधी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून कागद जमवावेत. त्या अर्जाचे उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. शासन निर्णयाची प्रत, अर्जाची पोच, तारखा हे सर्व जोडून आमदारांना लेखी द्यावे आणि आपल्या पत्राची पोच घ्यावी. आपल्या संस्थेनेही एक वही ठेवावी. त्यात विषय, कोणाला दिला, कोणत्या अधिवेशनात विचारला गेला आणि काय उत्तर मिळाले, एवढे चार रकाने पुरेत. कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हे काम हाती घेतले तर दहा वर्षांत ही वही म्हणजे समाजाचा इतिहास होईल.

मसूरच्या रस्त्यावर तहानलेल्या एका मुलाला कोणी उत्तर दिले नाही. त्याने विचारणे सोडले नाही, म्हणून आज आपण विचारू शकतो. पलूसचा एक तरुण तीनशे पंधरा जणांत एकटा उभा राहून विचारत राहिला. आपण तर एकटेही नाही. तेव्हा 'प्रश्न उद्भवत नाही' असे कोणालाही सहजासहजी म्हणता येऊ नये, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, अशी नम्र विनंती करून थांबतो.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!